कोड पी ०४०१ आला म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह गेलाच असं नाही, बदलायच्या आधी हे तपासा

नमस्कार, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, काही राहिलं असेल तर सांगा. २०१५ ची बीएस ४ डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर इंजिन, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. रोज पुण्यात ऑफिस आणि अधूनमधून साताऱ्याला गावी. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरवर दाबलं की मागे काळा धूर, पिकअप मेल्यासारखा आणि चेक इंजिनची लाईट. स्कॅनर लावला तर पी ०४०१. एक गॅरेजवाला म्हणतो ईजीआर व्हॉल्व्ह (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) नवीन टाका, दुसरा म्हणतो त्याच्या वाटेत पत्रा मारून बंद करून टाकू, कटकटच संपेल. तुम्ही विचारताय यातलं कुठलं करू.

माझं म्हणणं, आत्ता दोन्ही नको. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत आणि जो कोड आलाय त्यांचा एकमेकांशी सरळ मेळ बसत नाहीये, आणि खरी भानगड तिथेच आहे. पी ०४०१ चा अर्थ ईजीआरचा फ्लो अपेक्षेपेक्षा कमी. व्हॉल्व्ह खरंच बंद अवस्थेत अडकला असता तर डिझेल गाडीत तुम्हाला चालवताना जवळजवळ काहीच जाणवलं नसतं, थोडा ठोक्याचा आवाज वाढला असता फार तर, पण काळा धूर आणि पिकअप जाणं हे त्याचं लक्षण नाही. आणि व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर धूर आला असता हे खरं, पण मग आयडलला, म्हणजे इंजिन चालू पण पाय काढलेला असताना, गाडी थरथरली असती, झटके आले असते, कधी सिग्नलला बंदही पडली असती. तुम्ही तर स्वच्छ लिहिलंय की आयडल एकदम ठीक आहे. आणि शेवटी जाता जाता अजून एक लिहिलंत, की चढाला टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) सू सू आवाज हल्ली जास्त येतो. माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती ती आहे.

आता ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कसं कळतं की ईजीआर कमी झाला ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या जळक्या वायूतला काही भाग परत इंजिनात घालणं. या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साईड म्हणजे नॉक्स कमी तयार होतो. हलक्या लोडवर डिझेल इंजिन आत जाणाऱ्या हवेतला चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत भाग असा परतीचा घेऊ शकतं, आणि तुम्ही पूर्ण दाबलं की व्हॉल्व्ह बंद होतो कारण तेव्हा इंजिनाला ताजी हवा हवी असते. पण बीएस ४ च्या बहुतेक गाड्यांत ईजीआरच्या पाईपमधून प्रत्यक्ष किती वायू गेला हे मोजायला वेगळा सेन्सर नसतोच. ईसीएम बघतो एअर फिल्टरनंतर बसवलेल्या एमएएफ (हवा मोजणाऱ्या) सेन्सरकडे, म्हणजे बाहेरून ताजी हवा किती येतेय. जळका वायू आत शिरला की तेवढी ताजी हवा कमी ओढली जाणार, हा हिशोब. ईजीआर उघडूनही एमएएफवरची हवा ठरलेल्या आकड्याइतकी उतरली नाही तर तो म्हणतो फ्लो कमी, पी ०४०१. हवा जास्तच उतरली तर म्हणतो फ्लो जास्त, पी ०४०२. थोडक्यात हे दोन कोड व्हॉल्व्हबद्दल बोलतच नाहीत, ते हवेच्या हिशोबाबद्दल बोलतात. व्हॉल्व्हच्या वायरिंगबद्दल किंवा पोझिशनबद्दल बोलणारे कोड वेगळे आहेत, पी ०४०३ ते पी ०४०६, आणि ते तुमच्याकडे आलेले नाहीत.

आता तुमची केस बघू. समजा टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) किंवा इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) रबरी पाईप कुठेतरी फाटलाय किंवा त्याची क्लिप ढिली आहे. एमएएफ या सगळ्याच्या आधी बसलाय, त्याने हवा मोजली, पण टर्बोने दाबल्यावर त्यातली थोडी वाटेतच बाहेर गेली. ईसीएमला वाटतं मोजलेली सगळी हवा इंजिनात गेली आणि तो त्या मापाने डिझेल मारतो, आत हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर आणि पिकअप गुल. आणि हलक्या-मध्यम लोडवर, जिथे ईजीआर चालू असतो, तिथे एमएएफचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त दिसतो कारण गळती भरून काढायला जास्त हवा ओढली जातेय, मग ईसीएम ईजीआर अजून उघडतो, धुरात अजून भर, तरी आकडा उतरत नाही म्हणून शेवटी पी ०४०१. आयडलला टर्बोचा दाबच नसतो म्हणून तिथे सगळं छान. तुमची चारही लक्षणं या एका कारणात बसतात. म्हणजे हेच आहे असं मी घरबसल्या छातीठोक सांगणार नाही, गाडी समोर नाहीये, पण माझ्याकडे ही गाडी आली असती तर मी व्हॉल्व्हच्या नटाला पान्हा लावायच्या आधी पाईप बघितले असते.

कोड परत आला की एक काम आठवणीने करा, लाईट घालवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड पडला त्या क्षणाची आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग हे ईसीएम साठवून ठेवतो आणि कोड क्लिअर केला की ते पुसलं जातं. बऱ्याच ठिकाणी स्कॅनर लावला की पहिलं बटण क्लिअरचंच दाबतात, त्यामुळे हा पुरावा जातो, मला ही सवय अजिबात पटत नाही. कोड २००० च्या वर आरपीएम आणि चांगला लोड असताना पडलाय असं दिसलं तर संशय हवेच्या गळतीकडे, आयडलला किंवा अगदी हलक्या लोडला पडला असेल तर ईजीआरच्या रस्त्याकडे.

आता लाईव्ह डेटा. यासाठी महागडा स्कॅनर लागतोच असं नाही, गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि फोनमधलं अ‍ॅप पहिल्या टप्प्याला पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, गाडी न्यूट्रलला, आणि एमएएफचा आकडा बघा. अ‍ॅपमध्ये तो ग्रॅम प्रति सेकंद दिसेल, त्याला ३०,००० ने गुणा आणि आरपीएमने भागा, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरला एका वेळी किती मिलिग्रॅम हवा मिळते ते येतं. तुमचं इंजिन साधारण १२५० सीसी, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवा थोडी विरळ, सीसीला साधारण १.१ मिलिग्रॅम धरा, म्हणजे पूर्ण भरला तर ३४० च्या आसपास, आणि सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही म्हणून ईजीआर बंद असताना आयडलला ढोबळ ३०० मिलिग्रॅम दिसायला हवं. ८०० आरपीएमला ते ८ ग्रॅम प्रति सेकंद होतं. ईजीआर उघडला की हाच आकडा ५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. नेमके आकडे गाडीगणिक, तापमानागणिक बदलतात, त्यामुळे तंतोतंत जुळायची अपेक्षा नको, बंद आणि उघडा यातला फरक बघायचाय. आणि बऱ्याच गाड्या आयडलला थोडा वेळ उभं राहिलं की ईजीआर आपोआप बंद करतात, तर आकडा मिनिटाभराने अचानक ५ वरून ८ वर गेला तर घाबरू नका, उलट ते चांगलं लक्षण आहे, व्हॉल्व्ह उघडत होता आणि आता नीट बंद झाला.

अ‍ॅपमध्ये ईजीआर एरर नावाचा टक्केवारीचा आकडा पण दिसतो आणि तो बघून लोक हादरतात. कमांड, म्हणजे ईसीएमने व्हॉल्व्हला किती उघड म्हणून सांगितलंय तो आकडा, शून्य असताना हा एररचा आकडा वेडावाकडा, अगदी ९९ टक्के पण दाखवू शकतो, त्याला तेव्हा काही अर्थ नसतो. कमांड शून्यापेक्षा जास्त असतानाच त्याच्याकडे बघा.

खरी टेस्ट करायला मात्र व्हॉल्व्हला कमांड देता येईल असा स्कॅनर हवा, तो चांगल्या गॅरेजमध्ये असतो. आयडलला ईजीआर हळूहळू उघडायची कमांड द्यायची आणि तीन गोष्टी एकत्र बघायच्या, व्हॉल्व्हची पोझिशन, एमएएफचा आकडा आणि इंजिनाचा आवाज. पोझिशन कमांडबरोबर हलली, एमएएफ उतरला, इंजिन घरघरलं, आणि बंद केल्यावर सगळं जागेवर आलं, तर व्हॉल्व्ह पण ठीक आणि रस्ता पण मोकळा, त्याला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. पोझिशन हलतेय पण एमएएफ ढिम्म, तर व्हॉल्व्ह ठीक आहे पण पाईप किंवा मॅनिफोल्डचं तोंड काजळीने चोकअप आहे, इथे नवीन व्हॉल्व्ह टाकला तरी काही दिवसांत तोच कोड परत येणार आणि तुम्ही म्हणणार पार्ट डुप्लिकेट निघाला. पोझिशनच कमांडप्रमाणे जात नाही, अडखळते किंवा शून्याला परत येत नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वायरिंगचा घोळ आहे, मग कनेक्टर काढून पिना बघा, हिरवट गंज, सैल पिन, ५ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ मिळतोय का ते मल्टिमीटरने बघा, आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह खोला. चौथा प्रकार, ईजीआर बंद दाखवतोय तरी एमएएफ ५ वरच अडकलाय, इथे एक तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आतून गळतोय, नाहीतर एमएएफच घाण झालाय आणि कमी मोजतोय. हे वेगळं करायला ईजीआरच्या जोडावर तात्पुरता पत्रा टाकून परत आकडा बघायचा. आकडा वर गेला तर व्हॉल्व्ह गळतोय, तसाच राहिला तर एमएएफ आणि एअर फिल्टर बघा. पत्र्याचा योग्य उपयोग एवढाच, टेस्टपुरता, आणि टेस्ट झाली की काढायचा.

जुन्या काही डिझेल गाड्यांत व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक नसून व्हॅक्यूमवर चालतो, त्यांना पोझिशनचा आकडा कधी मिळतो कधी नाही. तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लावून डायफ्रॅम उचलला जातो का आणि व्हॅक्यूम टिकतो का बघायचं. आणि बारीक रबरी नळ्या आधी तपासा, उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने त्या बिस्किटासारख्या तडकतात, पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये शिरून कुरतडतात ते वेगळंच.

आता तुमच्या गाडीसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी टेस्ट, बूस्टची, म्हणजे टर्बोने तयार केलेल्या हवेच्या दाबाची. किल्ली ऑन, इंजिन बंद, अ‍ॅपमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर बघा, पुण्यात साधारण ९५ केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) दिसायला हवं, मुंबईत १०० च्या आसपास. इथेच आकडा भलताच असेल तर प्रेशर सेन्सर खराब किंवा काजळीने बुजलेला आहे, पुढचे आकडे त्यावरून वाचू नका. तो बरोबर असेल तर मोकळ्या रस्त्याला, शेजारी फोन बघायला दुसरा माणूस बसवून (गाडी चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही), तिसऱ्या गिअरला २००० वरून ३००० पर्यंत पूर्ण दाबा. आकडा सुरुवातीच्या दीडपटीच्या बराच वर चढायला हवा. तो १२०-१३० लाच रेंगाळत असेल आणि एमएएफ मात्र भरपूर हवा दाखवत असेल, तर हवा मोजली जातेय पण पोचत नाहीये, म्हणजे गळती नक्की. दोन्ही आकडे कमी असतील तर मग टर्बो स्वतः, त्याचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) किंवा चोकअप एअर फिल्टर, तो वेगळा विषय.

गळती शोधायला गाडी थंड करून पाईपच्या खालच्या बाजूने हात फिरवा. आतून तेलाचा पातळ थर सगळ्याच टर्बो गाड्यांत असतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या पाईपात सोडणाऱ्या नळीतून) येतो, त्याची चिंता नको, पण बाहेरून क्लिपपाशी ओलसर काळं तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली की तिथेच बघा. चीर बहुतेक वेळा वाकणाच्या आतल्या बाजूला किंवा क्लिपच्या अगदी कडेला असते आणि इंजिन बंद असताना ती मिटलेली असते, वरून दिसत नाही, पाईप हाताने पिळून बघावा लागतो. इंटरकूलर खाली पुढे असेल तर स्पीडब्रेकरला किंवा दगडाला लागून त्याचं प्लास्टिकचं टाकीचं जोड पण सुटतं. नाहीच सापडलं तर गॅरेजमध्ये एमएएफच्या पुढचा पाईप बंद करून साधारण अर्धा बार हवा रेग्युलेटरने द्यायची आणि साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे येतात. अर्ध्या बारच्या वर जाऊ नका, सील आणि ब्रीदरवर उगाच जोर येतो.

अशीच एक गाडी आमच्याकडे आली होती, नव्या ईजीआर व्हॉल्व्हसकट. मालकाने दुसरीकडे व्हॉल्व्ह बदलून घेतला होता, कोड क्लिअर केला, दोन दिवस लाईट नाही, गावाला निघाले आणि घाटात परत तेच. आम्ही कमांड देऊन बघितलं तर व्हॉल्व्ह मस्त चालत होता, हवा व्यवस्थित उतरत होती. इंटरकूलरनंतरच्या पाईपला खालून बोटभर चीर. पाईप आणि दोन क्लिपा बदलल्या, विषय संपला. आणि त्यांचा काढलेला जुना व्हॉल्व्ह डिकीत होता, तो बघितला तर काजळी होती पण शाफ्ट मोकळा फिरत होता. एवढा महाग चालू पार्ट फेकला जातो आणि माणसाला वाटतं डिझेल गाडीच वाईट, याचा मला खरंच त्रास होतो.

तपासून व्हॉल्व्हच दोषी निघाला तरी लगेच नवीन नको, आधी साफ करून बघा. काजळी आणि ब्रीदरचं तेल मिळून डांबरासारखा थर होतो, शहरात कमी अंतर, सारखा ट्रॅफिक, इंजिन नीट गरमच होत नाही अशा वापरात जास्त. थ्रॉटल बॉडी क्लीनर मारून मऊ ब्रशने काढा, इलेक्ट्रिक मोटरची बाजू वर ठेवा म्हणजे द्रव तिकडे जाणार नाही, आणि शाफ्ट स्क्रूड्रायव्हरने रेटून हलवू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. काही जण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात, ते करू देऊ नका, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक ती खातो. गॅस्केट नवीनच टाका, जुनं लावलं तर तिथून जळका वायू गळतो. आणि बसवल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद पोझिशन परत शिकवावी लागते, बऱ्याच इलेक्ट्रिक व्हॉल्व्हना ते लागतं, ते न केल्याने चांगला साफ केलेला व्हॉल्व्ह पण कोड देतो. साफ करूनही शाफ्ट डुगडुगत असेल, बसायची जागा खाल्लेली असेल किंवा मोटर अडखळत असेल, तर मात्र नवीन, त्याला पर्याय नाही.

पत्रा मारून बंद करण्याबद्दल. तुमच्याकडे कोड कुठला आहे, फ्लो कमी असल्याचा. पत्रा मारल्यावर फ्लो शून्य, म्हणजे कोड अजून पक्का. मग ते म्हणणार ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलू, त्याचे वेगळे पैसे, आणि पाईपची चीर तशीच, धूर तसाच. शिवाय बीएस ४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस ६ ला ०.०८ आहे, आणि ती पाळायचं मुख्य काम तुमच्या गाडीत हा ईजीआरच करतो. पीयूसीला डिझेल गाडीत रेस देऊन फक्त धूर मोजतात, नॉक्स मोजत नाहीत, म्हणून पत्रा मारलेली गाडी पास होते आणि लोक समजतात चालतं. चालत नाही. प्रदूषण रोखणारी यंत्रणा बंद करणं बेकायदेशीर आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो वायू सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो. मी ते काम करत नाही आणि कुणाला करा म्हणून सांगतही नाही.

हे वाचणाऱ्या बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी एक ओळ, तुमच्याकडे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आहे, तिथे ईजीआर उघडा अडकला किंवा बूस्ट गळला तर काजळी थेट डीपीएफमध्ये साठते आणि रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, सारखं सारखं होतं, त्यामुळे लाईट आली की महिनाभर तसंच चालवू नका. आणि कूलंट कमी होतंय पण थेंब कुठे दिसत नाही असं असेल तर ईजीआर कूलर (परतीचा जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून गळतोय का ते प्रेशर टेस्टरने बघून घ्या.

तर तुम्ही या शनिवारी-रविवारी एवढं करा. गाडी थंड असताना पाईपवरून हात फिरवा, मग आयडलचा एमएएफ, किल्ली ऑनचा प्रेशर आणि तिसऱ्या गिअरचा प्रेशर हे तीन आकडे घ्या, फ्रीझ फ्रेम अजून शिल्लक असेल तर तिचा फोटो, आणि सगळं इथे टाका. चीर सापडली तर पाईप बदलून कोड क्लिअर करा आणि खंबाटकीच्या चढासकट दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत निकाल लावू नका, कारण बऱ्याच गाड्यांत सलग दोन ट्रिपला दोष दिसल्याशिवाय लाईट लागत नाही, एका दिवसात लाईट आली नाही म्हणजे दुरुस्त झालं असं नसतं. आणि पाईप सगळे धडधाकट निघाले तर आकडे टाकाच, मग व्हॉल्व्हला कमांड देऊन नेमकं काय बघायचं ते तुमच्या गॅरेजवाल्याला दाखवता येईल असं लिहून देतो.